पार्टनर न सांगता रूम सोडून गेला. आता कोणाचे किती निघते?

मंगरूळपीरला खोली करून राहणाऱ्यांत कॉलेजची मुले असतात, बँकेत किंवा शाळेत नव्याने लागलेले असतात, बाहेरगावाहून कामावर आलेले असतात. दोघे-तिघे मिळून खोली घेतात, ज्याच्या मोबाइलवर पैसे असतील तो त्या महिन्याचे भाडे टाकतो, आणि कागद मात्र कोणाकडेच नसतो. मग एके दिवशी एकाची बॅग आणि गादी जागेवर नसते, फोन लागत नाही, आणि एक तारखेला घरमालक काका पूर्ण भाडे मागतात.

ते मागण्याचा त्यांना हक्क आहे. खोली तिघांनी मिळून घेतली असेल तर भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 43 प्रमाणे मालक कोणाही एकाकडून सगळी रक्कम मागू शकतो. त्याच कलमात तुमचाही हक्क आहे: जास्तीचे भरणाऱ्याला बाकीच्यांकडून त्यांचा वाटा वसूल करता येतो. म्हणून मालकाशी वाद घालू नका. भाडे भरा, शक्यतो यूपीआयने भरा आणि पावती घ्या. रोख दिले तर वहीत काकांची सही घ्या. पुढची सगळी वसुली या एका नोंदीवर उभी राहते.

आता हिशेब. बहुतेक भांडणे इथेच चुकतात, कारण रागाच्या भरात फक्त येणे मोजले जाते आणि गेलेल्याची अनामत मालकाकडे पडून आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. एक नमुना घेऊ. तिघे पार्टनर, भाडे 4,500, अनामत 9,000, म्हणजे प्रत्येकी 3,000. एक जण 12 तारखेला गेला. त्या महिन्याचे त्याचे भाडे 1,500 राहिले. महिनाभर आधी सांगायचे असे ठरले होते, म्हणून पुढच्या महिन्याचे 1,500. किराण्याच्या उधारीत त्याचा वाटा 460. लाइट बिल 900 आले; दोघे तीस-तीस दिवस राहिले, तो बारा दिवस, म्हणजे एकूण 72 माणसी दिवस. एका दिवसाला साडेबारा रुपये पडले, त्याचे झाले 150. एकूण येणे 3,610. त्यातून त्याची अनामत वजा केली की उरतात 610 रुपये.

यात आणखी एक वळण आहे. पुढच्या एक तारखेला नवा पार्टनर आला आणि त्याने आपला वाटा भरायला सुरुवात केली, तर पुढच्या महिन्याचे 1,500 जुन्याकडून मागता येत नाहीत. करार कायद्याचे कलम 73 नुकसान मोजताना ते टाळायला हाताशी काय उपाय होते हेही पाहते. जागा भरली तर ते नुकसान झालेच नाही. मग त्याच्याकडून येणे 2,110 आणि त्याची अनामत 3,000. नव्याने अनामतीचे 3,000 तुमच्या हातात दिले असतील, तर तुम्हीच त्याचे 890 रुपये देणे लागता. तो न सांगता गेला याचा राग रास्त आहे, पण रागापायी ते पैसे ठेवून घेता येत नाहीत.

नोटिशीच्या महिन्याबद्दल स्पष्ट लिहितो. पार्टनरांमध्ये तसे ठरलेच नव्हते तर पूर्ण महिन्याचा आग्रह धरू नये. लेखी काही नसताना मासिक भाडेकरूसाठी मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चे कलम 106 पंधरा दिवसांची नोटीस सांगते. ते मालक आणि भाडेकरू यांच्यासाठी आहे, पण आपसात तोडगा काढताना हेच माप धरले तर दोन्ही बाजूंना पटते.

काही वस्तूंचा हिशेब वेगळा लागतो. गॅसचे कनेक्शन ज्याच्या नावावर, सिलिंडर-रेग्युलेटरची अनामत त्यालाच परत मिळते. त्यासाठी वर्गणी काढली असेल तर ती त्याच्याकडून घ्यायची. वायफायच्या राउटरचेही तसेच. पार्टनर गेल्याचे कळले त्याच दिवशी मीटरचे रीडिंग तारखेसह मोबाइलमध्ये टिपून ठेवा. महावितरणचे बिल जसे युनिट वाढतात तसे वरच्या टप्प्यातल्या दराने लागते, त्यामुळे महिन्यानंतर अंदाजाने वाटणी केली की कोणावर तरी अन्याय होतो.

हिशेब झाला की पहिला खर्च शून्य रुपयांचा आहे: एक मेसेज. त्यात टोमणा नको, आकडे हवेत. ‘भाऊ, तू 12 तारखेला रूम सोडली. भाडे 1,500, पुढच्या महिन्याचे 1,500, लाइट 150, किराणा 460, एकूण 3,610. अनामत 3,000 वजा धरली, उरले 610. हिशेब बरोबर आहे का ते रविवारपर्यंत कळव.’ त्याने ‘हो’ लिहिले किंवा आकड्यावर घासाघीस केली तरी देणे-घेणे होते हे त्याने मान्य केले असे दाखवता येते. हे चॅट पुसू नका. कोर्टात मोबाइलमधला पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते, तेव्हा मूळ फोन जपलेला बरा. उत्तर आलेच नाही तर त्याच्या घरी वडिलांना फोन करावा, पण अदबीने, आणि तोच आकडा सांगावा. आपल्याकडे निम्मी प्रकरणे इथेच मिटतात असे माझे मत आहे.

पुढची पायरी पोस्टाची. 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे. पन्नास ग्रॅमपर्यंतचे पत्र परगावी पाठवायला 47 रुपये, नोंदणीचे 5 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे साधारण एकसष्ट रुपये. नोटीस वकिलानेच द्यावी असा नियम नाही. साध्या कागदावर स्वतः लिहिलेली मागणीही चालते. वकिलाकडे गेलात तर फी आधीच विचारा. ती तुमच्या येण्याच्या जवळपास जात असेल तर सहाशे-सातशे रुपयांसाठी त्या वाटेला जाऊ नये.

रक्कम मोठी असेल, समजा वर्षाचे भाडे किंवा हातउसने पैसे गुंतले असतील, तर तालुका न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. दावा दाखल होण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते, त्याला कोर्ट फी लागत नाही. तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील नसते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे आणि दिव्यांग अर्जदार यांना वकीलही मोफत मिळतो. हेल्पलाइन 15100. समोरचा आलाच नाही तर दिवाणी दावा उरतो. व्यवहार मंगरूळपीरला झाला असेल तर समोरचा पुण्यात राहायला गेला तरी दावा इथेच लावता येतो. मुदत तीन वर्षांची.

दोन दारे उगाच ठोठावली जातात. थकलेल्या भाड्याचा वाद दिवाणी आहे, पोलीस तो वसूल करून देत नाहीत. मात्र जाताना तुमचा लॅपटॉप किंवा रोकड नेली असेल तर तो गुन्हा आहे, लगेच ठाण्यात जा. दुसरे दार ग्राहक आयोगाचे. पार्टनर हा सेवा देणारा नव्हे, म्हणून तिथे त्याच्याविरुद्ध तक्रार चालत नाही. खासगी होस्टेलने किंवा मेसने आगाऊ घेतलेले पैसे अडवले तर मात्र जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

गेलेल्या पार्टनरचे सामान मागे राहिले असेल तर विकू नका, वापरू नका. यादी करा, फोटो काढा, घरमालकांसमोर एका खोक्यात बांधून ठेवा आणि घेऊन जायची तारीख कळवा. मार्कशीट किंवा आधार कार्ड पैशांसाठी अडवून धरणे तर अजिबात नको. एखाद्याची भरती किंवा प्रवेश त्यात हुकतो, आणि त्याचे नुकसान 610 रुपयांत मोजता येत नाही. व्हॉट्सअॅप स्टेटसवर त्याचा फोटो आणि ‘फसवणारा’ हा शब्दही टाकू नका, उलट बदनामीची तक्रार तुमच्यावर येईल.

नवा पार्टनर घेण्याआधी एक पान लिहून तिघांनी सह्या करा: अनामत कोणाची किती, किती दिवस आधी सांगायचे, बिल कसे वाटायचे. मालकाशी होणारा भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात नोंदणी फी नगरपरिषद हद्दीत 1,000 रुपये, ग्रामीण भागात 500. त्या करारात तिघांचीही नावे घालून घ्या.