६१७४ : वजाबाकीच्या सरावासाठी एक पाठ

(इयत्ता चौथी व पाचवी)

हातच्याची वजाबाकी मुलांना येते, परंतु पक्की होत नाही. सरावाची उदाहरणे त्यांना कोठेच नेत नाहीत, हे याचे एक कारण होय. शेवटी काय येणार याची उत्सुकता असली, म्हणजे मुले उदाहरण आपण होऊन पुरे करतात. पुढील पाठ त्याच हेतूने दिला आहे.

६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे स्वतः शाळाशिक्षक होते. १९३० ते १९६२ या काळात त्यांनी नाशिकजवळ देवळाली येथे अध्यापन केले. पदव्युत्तर पदवी त्यांच्यापाशी नव्हती. त्यांचा या संख्येवरील लेख १९५५ साली ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकेतील नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज ती ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून जगभर ओळखली जाते.

कृती : चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी; मात्र चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठी व चढत्या क्रमाने मांडून लहान संख्या तयार करावी. मोठीतून लहान वजा करावी व उत्तरावर हीच क्रिया पुनः करावी. उदाहरणार्थ, १९४७ :

९७४१ − १४७९ = ८२६२
८६२२ − २२६८ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे ७६४१ − १४६७ = ६१७४; संख्या जागची हलत नाही. कोणत्याही संख्येपासून आरंभ केला तरी फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते. १९६० घेतल्यास पुऱ्या सात कराव्या लागतात.

प्रत्येक मुलाला आपल्या आवडीची संख्या घेऊ द्यावी. उत्तर आधी सांगू नये. निरनिराळ्या पाट्यांवर एकच संख्या उमटलेली मुलांनीच पाहावी व ‘असे का?’ हा प्रश्न त्यांनीच विचारावा.

तपासणी : अंकांची जागा बदलली तरी त्यांची बेरीज बदलत नाही, म्हणून दोन्ही संख्यांना ९ ने भागले असता बाकी सारखीच उरते आणि वजाबाकीला ९ ने निःशेष भाग जातो. येथे प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज १८ किंवा २७ येते. तशी न आल्यास चूक निश्चित समजावी. तशी आली म्हणजे उत्तर बरोबरच, असे मात्र मानू नये. एकाच शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतील, तेथे मुलांना आपली बहुतेक चुकांची तपासणी आपणच करता येते.

सावधगिरी : २१११ − १११२ = ०९९९. येथे मूल शून्य गाळून ९९९ लिहिते. मग पुढील उत्तर शून्य येते व ‘नियम चुकला’ असे त्याला वाटते. शून्य ठेवल्यास ९९९० − ०९९९ = ८९९१ येते व पुढे तीन वजाबाक्यांत ६१७४ मिळते. डावीकडच्या शून्याला किंमत नसते, असे शिकलेल्या मुलाला त्याने अडविलेली जागा येथे दिसते.

गृहपाठ : तीन अंकी संख्यांवर हीच क्रिया करून पाहावी. (उत्तर : ४९५.) हुशार मुलांना दोन अंकी संख्या द्याव्यात. तेथे कोणतीच संख्या स्थिर राहत नाही. ०९, ८१, ६३, २७, ४५ असे चक्र फिरत राहते. एका ठिकाणी खरा ठरलेला नियम दुसरीकडे पडताळूनच घ्यावा लागतो, हा धडा मुलांना त्यातून मिळतो.