लांकडावरील रोगण व चिंधीची आग

मेळघाटच्या सागाच्या टेबलास सुतार स्पिरिटांत विरघळविलेली चपडा लाख लावीत आले आहेत. अलीकडे पॉलियुरेथेनाचें तेलयुक्त रोगणही मिळतें. तें टर्पेंटाइननें पातळ करून चिंधीनें पुसून लाविल्यास कुंचल्याच्या रेघा उमटत नाहींत. खिडक्या उघडाव्या, लांकूड बारीक पॉलिशकागदानें घासून धूळ पुसावी व पातळ हात द्यावा. तो पुरता वाळल्यावर हलकेंच घासून पुढचा द्यावा.

आतां वाळणें म्हणजे काय, तें पाहूं. लाखेंतील स्पिरिट केवळ उडून जातें. पण तेलाचा प्राणवायूशीं संयोग होऊन तें घट्ट होतें, व त्या क्रियेंत उष्णता निघते. आपल्या वऱ्हाडांतील जवसाच्या तेलाचाही हाच गुण आहे. टेबलावरील उष्णता हवेंत निघून जाते. चुरगाळून टाकलेल्या चिंध्यांत ती कोंडते, आणि कांहीं तासांत आगकाडीवांचून पेट घेते. अकोल्यास वैशाखांत पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हां हें भय अधिकच.

यास्तव, विद्यार्थ्यांनो, काम संपतांच चिंध्या पाण्यांत बुडवाव्या, किंवा अंगणांत सावलीस एकेक पसरून कडक वाळूं द्याव्या. चिंधीची व्यवस्था लागेपर्यंत काम संपलें असें समजूं नये.