स्वस्त पीई कशाला म्हणायचं?

"साहेब, पीई फक्त चार आहे. पाच वर्षांची सरासरी नऊ. याहून स्वस्त काय मिळणार?" एप्रिल 2022 मध्ये ब्रोकरच्या माणसाने फोनवर हे ऐकवलं, पाठोपाठ व्हॉट्सॲपवर पीईचा (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा) आलेख धाडला. कंपनी पोलादाची. नफा असाच टिकेल का, हे मी त्याला स्पष्ट विचारलं होतं. "कंपनी मोठी आहे, निर्धास्त राहा," एवढंच उत्तर मिळालं.

मे महिन्यात सरकारने पोलादाच्या निर्यातीवर पंधरा टक्के शुल्क लावलं, जगभर पोलादाचे भावही उतरले. पुढच्या वर्षाचे निकाल आले तेव्हा शेअर चौथाईने खाली होता आणि पीई चारवरून पंधरावर गेला होता! शेअर पडला तरी महाग झाला, कारण नफा पाचव्या हिश्शावर आला होता.

त्या रात्री मी कंपनीचे जुने वार्षिक अहवाल उघडले आणि दहा वर्षांची ईपीएस, म्हणजे प्रति शेअर नफा, वहीत एकाखाली एक मांडली. 2015-16 ला तोटा. चीनच्या स्वस्त मालाने सगळा उद्योगच तेव्हा बेजार होता. फेब्रुवारी 2016 मध्ये सरकारला किमान आयात किंमत ठरवून द्यावी लागली होती. तोट्याच्या वर्षाचा पीई निघत नाही, आलेखात तिथे जागा कोरी राहते. मला पाठवलेला आलेख त्या कोऱ्या जागेनंतर सुरू होत होता. मी ब्रोकरच्या माणसाला जाब विचारला. "सिस्टीममध्ये पाचच वर्षं येतात, सर." हे उत्तर मी अजून विसरलेलो नाही.

पोलाद, साखर, सिमेंट अशा धंद्यांत नफा शिखरावर असतानाच पीई सर्वांत कमी दिसतो. म्हणून भावाला एका वर्षाच्या नव्हे, दहा वर्षांच्या सरासरी ईपीएसने भागा, तोट्याची वर्षं धरून. मी भागलं, तर चारचा पीई वीसच्या वर गेला. गुंतवणूकतज्ज्ञ बेंजामिन ग्रॅहॅम 1934 पासून सात ते दहा वर्षांची सरासरी घ्या म्हणून सांगत होता. हे ब्रोकरच्या लोकांना ठाऊक नसेल असं मी मानत नाही.

जुन्या-नव्या पीईची तुलना करताना दोन्हीकडे एकत्रित (उपकंपन्यांसह) नफाच धरलाय ना, तेही पाहा. मार्च 2021 च्या अखेरीस एनएसईने निफ्टीचा पीई एकत्रित नफ्यावर काढायला सुरुवात केली, तर तो एका दिवसात चाळिसावरून तेहतिसाच्या आसपास आला. बाजार तेवढा पडला नव्हता. जमीन विकून आलेला एकवेळचा नफाही वजा करा.

तो माणूस आता दुसऱ्या कुणाला साखर कारखान्याचा पीई सांगत असेल. तुम्हाला असा फोन आला, तर दहा वर्षांची ईपीएस लेखी मागा. ती येईपर्यंत एक शेअरही घेऊ नका.