अटन आणि पर्यटन : शब्दविचार

'अट्' या धातूचा अर्थ फिरणे. त्यापासून 'अटन' झाले. 'परि' हा उपसर्ग लागून 'पर्यटन' झाले. ग्रीक भाषेतील 'पेरि' हा या 'परि'चाच सगोत्र असून 'पातेइन्' म्हणजे चालणे. ॲरिस्टॉटलने इ. स. पू. ३३५ च्या सुमारास अथेन्सच्या लायसिअम उपवनात विद्यालय स्थापिले. तेथील फिरण्याच्या मार्गास 'पेरिपातोस' म्हणत. त्यावरून त्याच्या संप्रदायास 'पेरिपातेतिक' हे नाव पडले, असे पुष्कळ विद्वान मानतात. त्यांचे चालणे विचारास साह्य करी. स्थान मात्र एकच राही.

सर्वज्ञ श्रीचक्रधरांनी विहिलेले अटन याहून निराळे. स्थानाची, ओळखीची व मानाची आसक्ती तुटावी, हा त्याचा हेतू. लीळाचरित्रातील 'एकांक' हा भाग स्वामींच्या एकाकी परिभ्रमणाचाच होय. सातारा जिल्ह्यातील फलटण ही श्रीचक्रपाणी प्रभूंची जन्मभूमी. तीही सोडून ते द्वारावतीस गेले.

आज सातारा-सांगलीकडील वासनिक वाहनाने फलटणास येतात. त्यांस स्थानवंदन घडते. परंतु ते अटन की पर्यटन, हे कोसांवरून ठरत नाही. परतताना मनातून काय सुटले, यावरून ठरते. भिक्षुकाची पाऊले गावोगाव फिरली आणि मठाचा अभिमान तसाच राहिला, तर तेही पर्यटनच होय.