शिवणीहून दीव, एका दिवसात?

प्रश्न : मुलाकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे. शिवणी विमानतळावरून बेटावर जाऊन त्याच दिवशी परतता येईल का?
– एक वाचक, जुने शहर, अकोला

उत्तर : विमानतळ असलेले सोयीचे बेट म्हणजे दीव. दोन्ही गावे जवळजवळ एकाच अक्षांशावर, त्यामुळे वाट सरळ पश्चिमेची. अंतर मात्र सुमारे ६३० किलोमीटर. सेस्ना १७२ या छोट्या विमानाला एका बाजूने तीन तास. जाणे-येणे एका टाकीत होत नाही आणि त्याला लागणारे ॲव्हगॅस हे इंधन सगळीकडे मिळत नाही, ते आधी पक्के करा. नवसारीजवळ किनारा सुटला की पुढे दीडशेहून अधिक किलोमीटर पाणी, इंजिन एकच! लाइफ जॅकेट सीटखाली नको, उड्डाणापूर्वीच अंगात हवे. या परवान्यावर कुणाकडून भाडे घेता येत नाही. माझा आग्रह : दीवला एक मुक्काम कराच.