सहा दिवस तोच अध्याय

आमच्या घरी रात्री साडेआठला कौटुंबिक प्रार्थना असते. एक भजन, बायबलचा एक अध्याय, मग ज्याची पाळी असेल त्याची प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. सगळं मिळून वीस मिनिटं. श्रीरामपूर तालुक्यातल्या आमच्या गावी आजीच्या काळात हे सुरू झालं आणि पुण्याच्या फ्लॅटपर्यंत चालत आलं. याचा मला अभिमान होता. मंडळीत कुणी विषय काढला की मी सांगायचो, "बाकी काही होवो, आमची प्रार्थना चुकत नाही."

२०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवारी रात्री मी अध्याय वाचून बायबल मिटलं, तर आठवीतली मुलगी म्हणाली, "पप्पा, आज काय वाचलंत?"

"नहेम्या."

"कितवा अध्याय?"

मी फीत होती ते पान पुन्हा उघडलं. "तिसरा."

"आणि काल?"

मी गप्प. काल काय वाचलं ते मला खरंच आठवेना.

"कालही तिसरा. परवाही तिसरा. सोमवारपासून रोज तिसरा."

झालं होतं असं, की सोमवारी वाचताना मी एक ओळ दोनदा वाचली आणि मला ते कळलंही नाही. तिला ते कळलं. मग ती रोज सकाळी शाळेला निघताना बायबलमधली फीत गुपचूप मागच्या पानावर नेऊन ठेवू लागली. पप्पांना कधी कळतंय ते बघायचं होतं तिला. मला सहा दिवसांत कळलं नाही. बरं, अध्यायही असा की ज्यात बत्तीस वचनं आणि नुसती नावं: यरुशलेमच्या तटाचा कुठला तुकडा कुणी बांधला, मेंढरांची वेस कुणी, मासळीची वेस कुणी, उकिरड्याची वेस कुणी. असल्या अवघड नावांना अडखळत सहा वेळा वाचून माणसाला पत्ता लागू नये, म्हणजे डोकं कुठे असेल?

बायको म्हणाली, "माझ्या तर मंगळवारीच लक्षात आलं होतं. पण तुम्ही दमून येता, म्हटलं राहू दे."

आईला कमी ऐकू येतं. तिला सगळं ओरडून सांगावं लागलं. ती म्हणाली, "मला वाटलं, त्यात काहीतरी खोल असेल म्हणून तू परत परत वाचतोयस."

सगळे हसले. मीही हसलो. रात्री मात्र झोप लागली नाही.

डोकं कुठे होतं ते सांगतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. ज्यांच्या डोक्यावर बदलत्या व्याजाचं गृहकर्ज आहे त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. माझा हप्ता तेवढाच राहिला, पण पंधरा वर्षं उरलेलं कर्ज बावीस वर्षांवर गेलं. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा. म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर पुढे बारा वर्षं हप्ता. हा हिशेब मी आंघोळ करताना मांडायचो, नगर रोडच्या सिग्नलला उभा असताना मांडायचो, आणि आता कळलं, की नहेम्या वाचतानाही मांडत होतो.

त्यात मी मंडळीचा खजिनदार. देवळाची कौलं गळत होती, दुरुस्तीची तीन कोटेशनं आली होती, वर्गणी निम्मीही जमली नव्हती. पाळकसाहेबांचा उपदेश सुरू झाला की मी मागच्या खोलीत दानाच्या थैल्या मोजायला बसायचो. दोन वर्षांत एकही उपदेश पूर्ण ऐकला नव्हता. कापणीच्या सणाला लोक भोपळे, कोंबड्या, ज्वारीची कणसं वेदीपाशी आणून ठेवतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. त्या वर्षी उपकारस्तुतीचं भजन चालू असताना मी मनात भोपळ्यांचा अंदाज बांधत होतो, दोनशेला जाईल का अडीचशेला. देवाच्या कामात आहोत म्हटल्यावर देव आपोआप जवळ असणारच, अशी माझी समजूत होती. मार्थेची गोष्ट मी संडे स्कूलच्या मुलांना कितीदा शिकवली असेल. येशू घरी आलेला, बहीण मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसलेली आणि मार्था स्वयंपाकघरात भांडी आदळतेय. शिकवताना मी कायम मरियेच्या बाजूने बोलायचो.

पण खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट फितीची नाही. ती ऑफिसातली आहे.

माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. पंढरीच्या वारीला जाणारं घर. जूनमध्ये त्याच्या मुलाच्या पायाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तो मला म्हणाला, "तुम्ही लोक एकमेकांसाठी प्रार्थना करता ना? आमच्या पोरासाठीही करा." मी म्हणालो, "हो, नक्की करतो." त्याच वेळी फोन वाजला. आणि मी विसरलो. त्या दिवशी विसरलो, त्या आठवड्यात विसरलो, ऑपरेशन होऊन गेलं तरी विसरलेलाच होतो. दोन आठवड्यांनी त्याने पेढे आणले. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "तुमच्या प्रार्थनेचा फार आधार वाटला." मी काय केलं असेल? म्हणालो, "देवाची कृपा," आणि पेढा तोंडात टाकला.

त्या शनिवारी रात्री तो पेढा आठवला. घशाशी आल्यासारखा.

पहाटे उठून दिवा लावला आणि नहेम्या सातव्यांदा काढला, या खेपेस पहिल्या अध्यायापासून. हा नहेम्या कोण? याजक नाही, संदेष्टा नाही. पारसाच्या राजाचा प्यालेबरदार. नोकरदार माणूस. परक्या राजाच्या दरबारात उभं राहायचं, चेहरा हसरा ठेवायचा. मन मात्र मोडून पडलेल्या यरुशलेमच्या तटात अडकलेलं. एके दिवशी राजाला त्याचा चेहरा उतरलेला दिसतो आणि तो विचारतो, तुला काय हवं? इथे दुसऱ्या अध्यायात एक बारीकशी नोंद आहे. राजाचा प्रश्न आणि नहेम्याचं उत्तर यांच्या मधल्या फटीत नहेम्या देवाची प्रार्थना करून घेतो. राजा समोर आहे, उत्तराची वाट बघतोय. अशा वेळी गुडघे टेकता येत नाहीत, डोळेही मिटता येत नाहीत. एका श्वासाइतकीच ती प्रार्थना असणार. याच माणसाने त्याआधी कित्येक दिवस उपास करून, रडून, सविस्तर प्रार्थनाही केली होती, ती पहिल्या अध्यायात आहे. म्हणजे लांब प्रार्थनेची मुळं होती म्हणून ती एका श्वासाची प्रार्थना उगवली.

यातून मी जे उचललं ते सांगतो, कारण त्याचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला. कुणी प्रार्थना करायला सांगितलं तर "करतो" हा शब्द वापरायचा नाही. तिथल्या तिथे करायची. समोरच्याला चालणार असेल तर त्याच्यासमोर, दोन वाक्यांत. फोनवर असेल तर फोन ठेवण्याआधी. व्हॉट्सअ‍ॅपवर असेल तर हात जोडल्याचं चित्र पाठवण्याआधी. ते चित्र माझ्या हातून इतक्या वेळा गेलंय की त्यामागे किती प्रार्थना होत्या, याचा हिशेब देवाने मागू नये अशी माझी विनंती आहे.

सोमवारी त्या सहकाऱ्याला चहाला नेलं आणि खरं सांगितलं. तो थोडा वेळ कपातल्या चहाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग आता करा. सळई काढायचं ऑपरेशन राहिलंय अजून." कँटीनमध्ये, बशांच्या खडखडाटात, मी त्याच्या मुलाचं नाव घेऊन प्रार्थना केली. आवाज कापत होता. खरी प्रार्थना केल्याला किती दिवस झाले होते, ते मला तेव्हा समजलं.

आता काळजीबद्दल. डोंगरावरच्या प्रवचनात येशू पाखरांकडे आणि रानातल्या फुलांकडे बोट दाखवून उद्याची चिंता करू नका म्हणतो, ते आम्हा सगळ्यांना पाठ आहे. पण त्याचा अर्थ हिशेबच ठेवू नका असा काढणारेही मी पाहिलेत, आणि त्यांची उधारी बहुतेक वेळा शेजाऱ्यांनी फेडलेली असते. रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली. केवढी मोठी श्रद्धा! पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचताना मी मनातून लक्ष्मीबाईंच्या बाजूचा असतो. घरात कुणीतरी तेल-मीठ मोजावंच लागतं. टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य पूर्ण केलं तेही याच तेल-मीठ मोजणाऱ्या बाईंनी.

नहेम्याचंही तसंच. शत्रू चाल करून येणार असं कळल्यावर त्याने प्रार्थना केली आणि पहाराही बसवला. दोन्ही. माझं काय चाललं होतं? प्रार्थना नाही आणि पहाराही नाही, मधल्या जागेत येरझाऱ्या. वर्षभर व्याजाची आकडेमोड करत होतो, पण एकदाही बँकेत जाऊन बसलो नव्हतो. त्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं, की दर वाढला की मुदत वाढवायची का हप्ता, हे निवडायची मुभा कर्जदाराला द्या. मी अर्धा दिवस रजा टाकून गेलो, हप्ता वाढवून घेतला. गाडी घ्यायचं ठरत होतं ते रद्द केलं. मुलीला वाईट वाटलं, तेही तिला मोकळेपणाने सांगू दिलं. काळजी संपली का? नाही. पण आता ती मनात आली की मी एका वहीत तारीख टाकून लिहितो आणि खाली दोनच प्रश्न: यात मी आज काही करू शकतो का? असेल तर ते कधी करणार? नसेल तर साडेआठच्या प्रार्थनेत ती ओळ मोठ्याने वाचतो. घरातल्यांसमोर वाचल्याचा एक फायदा असा, की निम्म्या काळज्या वाचतानाच पोकळ निघतात. आई तर काही वेळा हसते. तिने दुष्काळ पाहिलाय.

खजिनदारपद पुढच्या निवडणुकीत सोडलं. लोकांना वाटलं, हिशेबात काही गडबड झाली. कुजबुजही झाली. सांगून ठेवतो, मंडळीतलं काम सोडणं हे ते घेण्यापेक्षा कठीण असतं. जमत नसेल तर निदान थैल्या उपासनेनंतर मोजा. उपदेश चालू असताना पैसे पळून जात नाहीत.

फोनचं सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात. आवाज बंद करून जवळ ठेवला तर काही उपयोग नाही, हात जातोच. आमच्याकडे प्रार्थनेच्या वेळी चारही फोन स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर असतात.

आता तो तिसरा अध्याय. एरवी तो वगळून पुढे जाणारे पुष्कळ. मीही गेलो असतो. पण मुलीने मला तो सहा वेळा वाचायला लावला, आणि सातव्या वेळी तिने स्वतःच वाचला. बाराव्या वचनाशी ती थांबली. शल्लूम नावाचा एक अधिकारी आणि त्याच्या मुली यांनी तटाचा एक भाग दुरुस्त केला, असं तिथे लिहिलंय. "मुलींचीपण नावं द्यायची ना मग," ती म्हणाली. बरोबर आहे तिचं. सोनारांनी हात लावला, अत्तरं करणाऱ्यांनी लावला. तकोवा गावच्या बड्या लोकांनी मात्र मान लववली नाही, तेही लिहून ठेवलंय. आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: अमक्याने आपल्या घरासमोरचा भाग बांधला, तमक्याने आपल्या खोलीसमोरचा. सबंध शहराचा तट बावन्न दिवसांत उभा राहिला, त्यात कित्येकांनी केलं ते इतकंच.

माझ्या घरासमोरचा भाग म्हणजे माझा धाकटा भाऊ. गावच्या दोन खोल्या आणि मागची पडवी यांच्या वाटणीवरून आमचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. आई माझ्याकडे, म्हणून सत्य माझ्याकडे, असा माझा समज. वेदीपाशी दान आणलंस आणि भावाशी बिनसलंय हे आठवलं तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असं प्रभूने सांगितलंय. मी तर ते दान मोजून, पावत्या फाडून, बँकेत भरत होतो.

सप्टेंबरात फोन केला. "दादा?" म्हणाला, आणि पुढे बराच वेळ काही बोलला नाही. मग आईच्या बीपीच्या गोळ्यांबद्दल बोललो. पाऊस कमी झालाय, सोयाबीन गेलंय, ते बोललो. खोल्यांचा विषय मीही काढला नाही, त्यानेही नाही. आता दर रविवारी दुपारी फोन होतो, सहा-सात मिनिटं. वाटणी अजून व्हायची आहे. गेल्या नाताळाला त्याने पोराच्या हाती करंज्यांचा डबा पाठवला. स्वतः आला नाही.

शेवटी एक विनंती: आज रात्री घरी प्रार्थना असेल तर अध्याय झाल्यावर लहानातल्या लहानाला विचारा, काल काय वाचलं होतं? त्याला आठवत असेल आणि तुम्हाला नसेल, तर फीत काही दिवस त्याच्याकडे द्या. आमच्याकडे ती मुलीकडेच आहे.