कान मंदावले, परंतु सेवा थांबली नाही

वाचनभाग : निर्गम ४:१०-१६, मार्क १०:४६-५२

पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असे मराठी ख्रिस्ती घर क्वचितच सापडेल. त्यांचे पांडित्य, केडगावचे मुक्तिसदन, पवित्र शास्त्राचे भाषांतर, हे सारे आपण बालपणापासून ऐकत आलो आहो. परंतु या विदुषीला ऐकू कमी येत असे, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानी आहे? आजच्या पाठात त्या एका उणिवेचाच विचार करू.

१. कानांनी मिळालेले धन

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे थोर विद्वान होते. पण मुलीला संस्कृत शिकविले ते मुख्यतः आई लक्ष्मीबाईंनी. पहाटेपूर्वी लेकीला जागे करून ती माउली श्लोक म्हणे आणि लेक ऐकून पाठ करी. हजारो श्लोक असे मुखोद्गत झाले. पुढे दुष्काळात आईवडील निवर्तले. भावासह पायी भ्रमंती करीत रमाबाई १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या, तेव्हा याच विद्येने त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळवून दिल्या. त्यांचे सारे धन कानांच्या वाटेने आले होते.

२. बंद झालेले दार

पतीच्या मृत्यूनंतर, १८८३ साली, त्या वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु श्रवणदोषामुळे डॉक्टर होण्याचा मार्ग बंद झाला. क्षणभर विचार करा : पंचविशीतील विधवा, पदरी लहान मुलगी, परका देश, आणि ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच हातचे गेलेले! रमाबाईंनी मग चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकण्याचे व संस्कृत शिकविण्याचे काम पत्करले. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. १८८७ साली तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी, ११ मार्च १८८९ रोजी, मुंबईत शारदासदन उघडले.

योगायोग असा की, त्याच १८८७ साली, त्याच देशात, सात वर्षेही पूर्ण न झालेली एक बहिरी व आंधळी मुलगी पहिला शब्द शिकली. तिच्या एका हातावर पंपाचे पाणी पडत होते आणि दुसऱ्या तळहातावर शिक्षिका ॲन सलिव्हन 'पाणी' या शब्दाची अक्षरे बोटांनी रेखीत होती. ती मुलगी म्हणजे हेलन केलर. पुढे ती पदवीधर झाली, नामवंत लेखिका झाली, आणि १९५५ साली भारतातही येऊन गेली. मुंबईत १९७७ पासून बहिऱ्या व अंध-बहिऱ्या मुलांसाठी चालणाऱ्या संस्थेला तिचेच नाव आहे.

३. डोळे आणि बोटे

रमाबाईंचा बहिरेपणा वयाबरोबर वाढत गेला. तरीही त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि साध्या माणसाला समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणण्यासाठी त्यांनी अखेरची सुमारे अठरा वर्षे वेचली. कानांचे काम आता डोळे करीत होते. मुक्तिसदनाच्या छापखान्यात मुलीच खिळे जुळवीत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली छापून पूर्ण झाला.

त्याच आवारात अंध मुलींचे घर होते. बार्तिमयावरून त्याला 'बार्तिमी सदन' हे नाव दिले होते. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी ब्रेल लिपी शिकून घेतली, ती या मुलींसाठी. तेथे डोळ्यांचे काम बोटे करू लागली.

४. आपल्यासाठी बोध

बार्तिमयाला दृष्टी मिळाली. रमाबाईंचे कान मात्र बरे झाले नाहीत. म्हणून त्यांचा विश्वास उणा होता असे कोण म्हणेल? मोशेची जीभही जड होती. देवाने त्याला सोबतीचे अभिवचन दिले आणि बोलण्यासाठी अहरोन दिला. हेलनला ॲन सलिव्हन मिळाली, केडगावच्या मुलींना मनोरमाबाई. आपण जिद्दीची स्तुती करतो. परंतु प्रत्येक ठिकाणी दुसऱ्याची भाषा शिकण्याचे कष्ट घेणारा कोणी तरी होता, हे विसरतो.

आपली मंडळी मुंबईत असो, नागपुरात असो वा लखनौत, मागच्या बाकावर एखाद्या आजी बसतात. उपदेशातले अक्षरही त्यांना ऐकू येत नाही, तरी त्या दर रविवारी येतात. आपण हसून नमस्कार करतो आणि पुढे जातो. बहिऱ्याला शाप देऊ नये व आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, अशी आज्ञा लेवीय १९:१४ मध्ये आहे. आपली बेपर्वाई हेही अडखळणच नव्हे काय?

मननासाठी प्रश्न

१) आपल्या जीवनातील कोणते दार बंद झाले आहे? त्याविषयी आपण देवाशी मोकळेपणाने बोललो आहो काय?
२) मंडळीतील कोणाला ऐकू येत नाही किंवा दिसत नाही? उपदेशाचा सारांश मोठ्या अक्षरांत लिहून देणे वा शास्त्रभाग वाचून दाखविणे, यांपैकी काय आपण येत्या रविवारपासून करू शकू?